बाका नव्हे, पोका

महाराष्ट्रातल्या मुलाला मानसशास्त्र हा विषय म्हणून भेटतो तो अकरावीत. तोही बहुतेक वेळा त्यानं कला शाखा घेतली आणि त्याच्या कॉलेजात तो शिकवायला कुणी असलं, तर. बालभारतीनं २०१९ मध्ये अकरावीचं आणि २०२० मध्ये बारावीचं नवं पुस्तक काढलं. पण दहावीला ऐंशी टक्के पडलेलं मूल आर्ट्सकडे वळू नये यासाठी आख्खी सोसायटी झटत असते, त्यामुळे ही पुस्तकं फार थोड्यांच्या हाती पडतात.

त्याआधीच्या दहा वर्षांत शाळेत मानसशास्त्र येतच नाही असं नाही. ते चाचणीच्या रूपात येतं. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून बुद्धिमत्तेच्या चाचण्या आपल्या भागातल्या पालकांच्या ओळखीच्या आहेत. प्रबोधिनीची एक शाळा आमच्या निगडीतही आहे. पुढे २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळ आणि श्यामची आई फाउंडेशन यांनी दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. चाचण्यांना माझा विरोध नाही. पण ज्याची मानसशास्त्राशी ओळख फक्त चाचणीतून होते, त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते : हे शास्त्र माझ्या आत डोकावतं आणि मी कोण आहे, किती आहे, हे सांगून मोकळं होतं. गंमत अशी की १९०५ मध्ये पॅरिसमध्ये अशा चाचण्यांची सुरुवात करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांचा हेतू शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे शोधण्याचा होता. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला ठरीव साठा, या समजुतीला त्यांचा स्वतःचाच विरोध होता.

चिखली-मोशीच्या बाजूला एका वस्तीतल्या अभ्यासिकेत मी नववी ते अकरावीच्या मुलांना दर रविवारी सकाळी दोन तास मानसशास्त्राची तोंडओळख शिकवते. बारा रविवारांचा एक अभ्यासक्रम, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मी शिकले इंजिनिअरिंग, नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअरची. मानसशास्त्र आवडीपोटी वाचत गेले. मुलं वीस-बावीस. त्यांचे आईवडील बहुतेक बाहेरून आलेले : बीड, लातूर, परभणी, जळगाव, थोडे बिहार-उत्तर प्रदेशचे. वडील चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कंपन्यांत; कुणी लाईनवर ऑपरेटर, कुणी प्रेस शॉपला, कुणी गेटवर सिक्युरिटी, पुष्कळसे काँट्रॅक्टवर. आया कँटीनमध्ये, पॅकिंगला, घरकामाला.

पहिल्या रविवारी मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. मनाबद्दल काय जाणून घ्यायचंय ते लिहा, नाव घालू नका. चिठ्ठ्या घरी आणून मी त्यांचे गठ्ठे करते. "समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का", "हिप्नॉटिझम खरं असतं का" अशा थोड्या असतात. बाकीचा मोठा गठ्ठा दर वेळी एकाच प्रकारचा निघतो. माझं अभ्यासात लक्ष का लागत नाही. मी पाठ केलेलं का विसरतो. मला इंग्लिश का जमत नाही. पप्पा इतके चिडके का आहेत. मी आळशी आहे, काय करू. म्हणजे माझ्यात, नाहीतर घरातल्या कुणात, काहीतरी बिघाड आहे. ताई, तो कुठला ते सांगा.

बारा रविवारांत मी काय शिकवते, असं कुणी विचारलं तर धड्यांची यादी देता येईल. पण खरं काम एकच असतं : या प्रश्नांची दिशा थोडी वळवणं. "माझ्यात काय बिघडलंय" याच्या शेजारी "माझ्याभोवती काय चाललंय" हा प्रश्न आणून ठेवणं. पहिला प्रश्न पुसायचा नाही. फक्त तो एकटा ठेवायचा नाही.

सुरुवात विसरण्यापासून करते, कारण ते सगळ्यांना लागू आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं एकट्यानं, स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मृतीवर पुस्तक लिहिलं. आधीची ओळख आड येऊ नये म्हणून त्यानं बिनअर्थाची अक्षरं बनवली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि वीस मिनिटांनी, तासानं, दिवसानं, महिन्यानं किती उरलं ते मोजत गेला. आम्ही फळ्यावर आमची यादी लिहितो : गुझ, टेभ, ढिप, खोघ अशी बारा. दहा मिनिटं पाठांतर, मग गप्पा, मग वही उघडून आठवेल ते लिहायचं. शाळेत पहिली येणारी मुलगी आणि दोन विषयांत अडकलेला मुलगा जवळपास सारखंच विसरतात. "ढिप" मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात राहतं, कारण ते त्यांनी मनात गुळाच्या ढेपेला जोडलेलं असतं. विसरणं हा दुर्गुण नाही, बिनअर्थाच्या गोष्टी सगळ्यांच्याच डोक्यातून गळतात, आणि अर्थ चिकटवला की कमी गळतात, एवढं त्यांना त्या बारा अक्षरांत दिसतं.

त्याला जोडून रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तर मिटून आठवणारे पुढे. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी आपली फसगत होते. ज्या मुलाला वर्षभर "तू नीट वाचतच नाहीस" असं ऐकवलं गेलंय, त्याला पहिल्यांदा कळतं की वाचणं कमी पडत नव्हतं, पद्धत चुकत होती. पद्धत बदलता येते. "तू असाच आहेस" हे बदलता येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी येतो स्ट्रूपचा खेळ, आणि तो मुलांना सर्वांत जास्त आवडतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ मध्ये छापला. रंगांची नावं वेगळ्याच रंगाच्या शाईत लिहायची : "लाल" हा शब्द हिरव्या स्केचपेननं, "निळा" पिवळ्यानं. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. वाचन आपोआप होऊन जातं आणि रंगाच्या आड येतं. एकदा मी दोन याद्या केल्या, एक मराठीत, एक इंग्रजीत. मराठीत सगळे सारखेच अडखळले. इंग्रजीच्या यादीत जो मुलगा सर्वांत झरझर सुटला, तो इंग्रजीचं नाव काढलं की मान खाली घालणारा होता. वर्गात एकच गलका : ताई, यानं चीटिंग केली.

चीटिंग नव्हती. ज्या भाषेतलं वाचन अजून आपोआप होत नाही, त्या भाषेतले शब्द आड कमी येतात. त्याचं इंग्रजी कच्चं होतं म्हणूनच तो जिंकला. आमच्या पट्ट्यात सुपरवायझर व्हायचं असेल तर इंग्लिश, गेटपासवर इंग्लिश, इंटरव्ह्यूला इंग्लिश. आपलं इंग्रजी कच्चं असणं ही आपल्या डोक्याची कमतरता आहे असं मानणाऱ्या मुलाला, ती किती सराव झाला याची फक्त नोंद आहे, हे कुणी समजावून पटलं नसतं. त्या दिवशी स्टॉपवॉचनं पटवलं. तो नंतर आठवडाभर मित्रांना ती यादी वाचायला लावत फिरत होता, असं ऐकलं.

सहाव्या रविवारी चूक हा विषय असतो, आणि तिथे मुलांच्या घरातच एक शब्द तयार सापडतो. "पोका-योके म्हणजे काय, कुणाला माहितीये?" असं विचारलं की पाच-सहा हात वर होतात. कुणाच्या वडिलांच्या कंपनीत भिंतीवर बोर्ड असतो, कुणाच्या काकांना त्यासाठी बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालेलं असतं. जिगमध्ये एक पिन अशी बसवतात की पार्ट उलटा बसूच नये. सेन्सर असा लावतात की बोल्ट राहिला तर मशीन पुढे जाऊच नये. वाहनांच्या कारखान्यांत हे रोजचं आहे.

या शब्दाचा इतिहास मात्र त्यांच्या वडिलांना बहुधा कुणी सांगितलेला नसतो. जपानमधले शिगेओ शिंगो १९६१ मध्ये एका कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि कामगार अधूनमधून एखादी बसवायला विसरत. लक्ष देऊन काम करा, असं सांगून सांगून झालं होतं. शिंगो यांनी कामाची रीत बदलली : आधी दोन स्प्रिंगा एका छोट्या ताटलीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या. स्विच पुरा झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली असेल तर ती विसरली हे लगेच दिसतं. माणूस तोच, स्मरणशक्ती तीच, भर पडली ती एका ताटलीची. या युक्तीला सुरुवातीला नाव होतं "बाका-योके", म्हणजे मूर्खाला आवर. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या एका कारखान्यात अशीच युक्ती बसवताना तिथल्या एका कामगार स्त्रीला ते नाव लागलं. मी काय मूर्ख आहे का, म्हणून ती रडली. शिंगो यांनी शब्द बदलला. बाका म्हणजे मूर्ख. पोका म्हणजे अनवधानानं झालेली चूक, जी कुणाकडूनही होते.

एवढं सांगून झालं की मी मुलांना दोनच प्रश्न विचारते. कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला तर काय शोधतात? आणि घरात दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, प्रोग्रेस बुकावर सही राहिली, तर काय शोधतात? पहिल्याला उत्तरं येतात : कारण शोधतात, पाच वेळा "का" विचारतात, जिग बघतात. दुसऱ्याला सगळे हसतात. घरात शोधतात तो माणूस. "कुणी केलं?" आणि माणूस सापडला की तपास संपतो : वेंधळा आहेच तो, बापावर गेलाय. माझ्या क्षेत्रातही सर्व्हर बंद पडला की नंतरच्या बैठकीत कुणाचं नाव घ्यायचं नाही, काय घडलं आणि का घडू शकलं एवढंच लिहायचं, अशी पद्धत चांगल्या टीममध्ये असते. तीच माणसं संध्याकाळी घरी जाऊन मुलाला म्हणतात, तुझं लक्षच नसतं.

सगळ्या कारखान्यांत असं वागतात असंही नाही. दोन-तीन मुलं हमखास सांगतात की बोर्ड भिंतीवर असतो आणि शिव्या लाईनवर असतात. तेही खरंच. पण नियम काय असायला हवा ते भिंतीवर लिहून ठेवण्याइतकं कारखान्याला कळलंय. आपल्या घरांत आणि शाळांत तो बोर्डसुद्धा लागलेला नाही.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण लावताना त्याचा स्वभाव आधी दिसावा आणि त्याची परिस्थिती दिसूच नये, या सवयीवर सामाजिक मानसशास्त्रात पुष्कळ काम झालं आहे. ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला मूलभूत दोष म्हटलं. मुलांना सांगताना मी डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग घेते. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होऊ घातलेल्या चाळीस विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दाराशी वाकून पडलेला, खोकणारा. काहींना सांगितलं होतं, अजून वेळ आहे. काहींना, वेळेवर निघा. काहींना, उशीर झालाय, पळा. ज्यांना वेळ होता त्यांतले शंभरी ६३ टक्के थांबले, मधल्यांतले ४५, आणि घाईतले फक्त १०. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली, वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट. त्या विषयानं फारसा फरक पडला नाही. घाईनं पडला.

चाळीसच माणसं, एकच प्रयोग. त्यावर जगाचा नियम उभारायचा नाही, हे सांगून होतं. पण मुलांना चाकणचा तळेगाव चौक माहीत असतो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये बाईक घसरून पडलेला माणूस आणि सात वाजायच्या आत पंचिंग करायला निघालेले शेकडो लोक त्यांनी पाहिलेले असतात. "लोकांत माणुसकीच उरली नाही ताई" हे वाक्य त्यांच्या घरात रोज बोललं जातं. त्या रविवारी एका मुलानं विचारलं, "पंचिंगला दहा मिनिटं सूट दिली तर माणुसकी वाढेल का?" मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. हा प्रश्न तपासायचा कसा, यावर उरलेला तास गेला. कंपनी कुठली, रस्ता कुठला, सूट कुणाला द्यायची, कुणाला नाही, मोजायचं काय. माझ्या मते तो आमचा सर्वांत चांगला तास होता.

आता एक शंका रास्त आहे. हे सगळे प्रयोग अमेरिकन कॉलेजातल्या पोरांवर झालेले. ते बीडहून चिखलीला आलेल्या घराला का लागू व्हावेत? ही शंका शास्त्रातल्या लोकांनाही आली. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये छापलेल्या अभ्यासात शिकागोचे अमेरिकन आणि म्हैसूरचे हिंदू यांची तुलना केली. आठ, अकरा, पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. ओळखीच्या कुणाच्या तरी बऱ्यावाईट वागण्याचं कारण विचारलं. लहान मुलांची उत्तरं दोन्हीकडे बरीचशी सारखी. मोठी होता होता अमेरिकन माणसं स्वभावाकडे अधिक बोट दाखवू लागली, म्हैसूरची माणसं परिस्थितीकडे, नात्यांकडे, भूमिकांकडे. म्हणजे कारण कुठे शोधायचं हे आपण मोठे होताना आपल्या भोवतालाकडून शिकतो.

हा अभ्यास सांगितल्यावर मी गृहपाठ देते : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि आपल्या वयाच्या मित्राला एकच गोष्ट सांगा. शेजारच्यानं उसने पैसे परत केले नाहीत. का केले नसतील? वहीत जमून येतं ते शास्त्र नव्हे, पण वाचण्यासारखं असतं. आज्यांची उत्तरं लांबलचक असतात : पोरीचं बाळंतपण असंल, पाऊस नसंल झाला, त्याचा भाऊ वाटणीवरून भांडतोय. मित्रांची उत्तरं दोन शब्दांची : फ्रॉड आहे. परिस्थिती बघायची ती जुनी नजर या घरांत अगदी परवापरवापर्यंत होती. शेती सुटली, गाव सुटलं, दहा बाय बाराच्या खोलीत माणसं आली, ज्यानं त्यानं आपल्या टक्क्यांवर आणि आपल्या पगारावर उभं राहायचं ठरलं. त्यात ती नजरही मागे राहून जात असावी. मी पुस्तकातून जे शिकवू पाहते त्यातलं अर्धं मुलांच्या आजीला येतं, हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं.

पण परिस्थितीचं मानसशास्त्र म्हटलं की सगळं चांगलंच, असंही मुलांना वाटू द्यायचं नसतं. त्यासाठी हॉथॉर्न. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले. आधी दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला, मग १९२७ पासून टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या सुट्ट्या, कामाचे तास, पैसे बदलून पाहिले. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानंच काम वाढतं, ही त्यातून निघालेली गोष्ट पुढे मॅनेजमेंटच्या प्रत्येक पुस्तकात गेली. उजेडाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी लेव्हिट आणि लिस्ट यांनी पुन्हा तपासली, ते २०११ मध्ये छापून आलं. गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम त्यांना तिथे दिसला नाही. आणि रिलेच्या खोलीतल्या पाच जोडणाऱ्या मुलींपैकी दोघींना १९२८ मध्ये बदललं होतं. त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत, ही तक्रार होती.

मुलं इथे ताठ बसतात. "म्हणजे बोलणाऱ्यांना काढलं आणि मग म्हणाले काम वाढलं?" आई पॅकिंगला असलेली एक मुलगी म्हणाली, "आमच्या आईच्या इथं पण बोलणाऱ्या बायकांना दुसऱ्या टेबलावर टाकतात." प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना त्यातून कुणाला वगळलं ते आधी बघावं, हा धडा कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या पेपरात मला एवढा स्वच्छ दिसला नव्हता.

लगेच दुसरी बाजूही मांडते, म्हणजे मुलं सगळ्याच प्रयोगांना लबाडी समजणार नाहीत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही काम सुधारत नव्हतं. प्रत्येक कामगाराला एक तुकडा काम आणि कुणाचा कुणाशी संबंध नाही, अशी रचना होती. त्याऐवजी छोटे गट करून एका गटाकडे काही माग सोपवायचे, आतली वाटणी गटानं करायची, ही कल्पना कामगारांनी उचलून धरली आणि गट स्वतःच बनवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. परिस्थिती बदलायची ती वरून ठरवून आणि बोलणाऱ्यांना वगळून, की ज्यांची आहे त्यांच्या हातानं, या दोन्ही तऱ्हा मुलांनी शेजारी शेजारी पाहिल्या की माझं काम झालं.

हे सगळं एका ठिकाणी अडतं, आणि ते ठिकाण दर खेपेला येतंच.

झोपेच्या धड्यात मी शरीरातल्या घड्याळाबद्दल सांगते. उजेड-अंधाराशी जुळलेलं हे घड्याळ आठवड्याला बदलणाऱ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्टला जुळवून घेत नाही. नाईट करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. अपुऱ्या झोपेनं चिडचिड वाढते, धीर कमी होतो. मुलांना मी एक महिना घरात कागद लावायला सांगते : वडिलांची शिफ्ट कुठली, झोप किती तास, घरात भांडण झालं का. पुष्कळांच्या कागदावर भांडणं थर्ड शिफ्टच्या आठवड्यात गोळा झालेली दिसतात. "पप्पा चिडके आहेत" या वाक्याचं "पप्पा नाईटला असले की चिडतात" असं वाक्य होतं. दिसायला छोटा फरक. पण पहिल्या वाक्यात करण्यासारखं काही नसतं, दुसऱ्यात असतं.

एका वर्षी तो कागद हातात घेऊन दहावीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिनं विचारलं, "ताई, नाईट होती म्हणून मारलं, तर मग ते चालतं का?"

त्या प्रश्नाला तयार उत्तर कुठल्याही धड्यात नाही. मी तिला सांगितलं ते असं. कारण समजणं आणि माफ करणं या दोन गोष्टी आहेत. जिग चुकीचा होता हे कळल्यावर जिग बदलतात. पण मशीनमध्ये कुणाचा हात गेला असेल तर आधी मशीन बंद करतात. मारणं चालत नाही, नाईट असो वा नसो. तुझ्या पप्पांची झोप हे कारण असेल, ती सुधारण्याचे मार्गही असतील. पण तोवर मार खाणं हे तुझं काम नाही. आणि पप्पा असे का वागतात हे शोधून काढणं हेसुद्धा तुझं काम नाही, ते मोठ्यांचं आहे. अभ्यासिका चालवणाऱ्या बाई त्या वस्तीत पंचवीस वर्षं राहतात; त्याच दिवशी तिच्या संमतीनं आम्ही तिघी बसलो. मुलांसाठीचा १०९८ आणि मनाच्या त्रासासाठीचा टेलिमानसचा १४४१६, हे दोन नंबर तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असतात. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तेव्हापासून मी झोपेचा धडा आणि हा प्रश्न एकत्रच शिकवते, तो कुणी विचारायची वाट न बघता. परिस्थितीकडे बघायला शिकवणाऱ्या माणसावर ही जबाबदारी येतेच. आपल्या घरांत परिस्थितीचं नाव पुढे करून पुष्कळ काही सोसायला लावतात, आणि ते बहुतेक वेळा मुलींना आणि सुनांना. स्वतःच्या चुकीला परिस्थिती आणि दुसऱ्याच्या चुकीला स्वभाव, हा तर आपल्या सगळ्यांचाच आवडता हिशोब. मुलांनी तो उलटा करून बघावा, एवढंच मागणं आहे : दुसऱ्याबद्दल बोलताना आधी त्याची परिस्थिती बघावी, स्वतःबद्दल बोलताना आधी आपल्या हातात काय आहे ते बघावं, आणि कुणाला इजा होत असेल तर दोन्ही हिशोब बाजूला ठेवून आधी ती थांबवावी. आणि बारा रविवारांचा वर्ग हा उपचार नव्हे. ज्याला डॉक्टर किंवा समुपदेशक हवा, त्याला तिथपर्यंत पोचवणं हे शिक्षकाचं काम. त्याची जागा घेणं नव्हे.

कधी कधी पालक विचारतात, याचा दहावीच्या मार्कांना उपयोग काय. थोडा असेल, पुस्तक मिटून आठवायची सवय लागली तर असेल. अकरावीला मानसशास्त्र घेणारी मुलं आमच्या वर्गातून आजवर दोनच निघाली, आणि त्यांतल्या एकीच्या घरी अजून अबोला आहे. बाकीची सायन्सला जातील, आयटीआयला जातील, काही थेट काँट्रॅक्टवर लागतील. त्यांतले काही पुढे लाईन लीडर होतील, त्यांच्या हाताखाली माणसं असतील, घरी मुलं असतील. तेव्हा एखादा पार्ट उलटा बसेल, एखादं प्रोग्रेस बुक लाल शेऱ्याचं येईल. त्या वेळी तोंडातून पहिला शब्द बाका निघतो की पोका, एवढाच या वर्गाचा निकाल. तो बघायला मी तिथे असणार नाही.

शेवटच्या रविवारी मुलांना एक काम असतं : घरातली वारंवार होणारी एक चूक निवडा, कुणालाही न रागावता ती कमी होईल असं काहीतरी बनवा आणि घेऊन या, नाहीतर फोटो दाखवा. टाकी भरून वाहू नये म्हणून मोटरच्या बटणाशेजारी वाळूचं घड्याळ. डब्याचा चमचा रोज राहतो म्हणून तो डब्याच्या झाकणालाच रबरानं बांधलेला. आईचं मंगळसूत्र कामाला जाताना काढून कुठे ठेवलं ते सापडत नाही म्हणून देव्हाऱ्याशेजारी खिळा, आणि खिळ्याभोवती आखलेला खडूचा गोल, रिकामा असला की लगेच दिसावा असा. यंदा एका नववीतल्या मुलानं खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला काळं रेक्झिन शिवून आणलं होतं. त्याच्या कडांना वेल्क्रो होतं, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात लावायचं, बाकी दिवस काढून ठेवायचं. दाराबाहेर अडकवायला पुठ्ठ्याची पाटीही होती. एका बाजूला "पप्पा झोपलेत, कडी वाजवू नये". दुसऱ्या बाजूला "उठलेत". पाटी उलटायला विसरलं तर काय, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, ती खिडकीच्या रेक्झिनला दोरीनं बांधलीय. रेक्झिन काढलं की पाटी आपोआप उलटते.